टिकी पॉप (प्रदर्शन)

पॅरिसमधील के ब्रांली संग्रहालयात २४ जून ते २८ सप्टेंबर २०१४ या काळात भरलेले प्रदर्शन. पॉलिनेशियाच्या, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटसमूहांच्या, नावावर अमेरिकेने विसाव्या शतकात जी एक स्वप्नभूमी उभी केली, तिचा इतिहास त्यात मांडला होता. संयोजक स्वेन किर्स्टन हे लॉस एंजेलिसला स्थायिक झालेले जर्मन छायालेखक. बंद पडलेल्या बारमधले पेले, मेनूकार्डे, काड्यापेट्या अशा कोणी जपून न ठेवलेल्या वस्तूंचा माग ते अनेक वर्षे काढत होते.

ज्या मूर्तीवरून हे सारे सुरू झाले ती टिकी म्हणजे पूर्वजाची किंवा देवत्व पावलेल्या सरदाराची मानवाकृती मूर्ती. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मार्केसास बेटांवर तिचे रूप ठरलेले असते : धडाच्या मानाने फार मोठे डोके, कारण ‘मना’ ही शक्ती तिथे वसते, वाटोळे विस्फारलेले डोळे, कानापर्यंत गेलेले रुंद तोंड, पोटावर टेकवलेले हात आणि गुडघ्यांत किंचित वाकलेले आखूड पाय. त्यांतल्या हिवा ओआ बेटावर पुआमाऊच्या देवस्थानात ताकाई नावाची अडीच मीटरहून उंच दगडी टिकी आजही उभी आहे. ती बलाढ्य म्हणून ख्याती असलेल्या एका सरदाराची मानतात. न्यूझीलंडच्या माओरींमध्ये हिरव्या पौनामू दगडाची हेई-टिकी गळ्यात घालतात. ती पिढ्यान्‌पिढ्या वारशाने येते आणि धारण करणाऱ्यागणिक तिचे मोल वाढत जाते.

अमेरिकन टिकीचा जन्म मद्यालयात झाला. डॉन बीच यांनी १९३३च्या सुमारास हॉलिवूडमध्ये आणि व्हिक्टर बर्जेरॉन यांनी १९३४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला जी छोटी दुकाने थाटली, त्यांतून बांबू, मासेमारीची जाळी, रमची मिश्रपेये असा एक साचा तयार झाला. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरात गेलेले सैनिक परतले, १९४७ची पेरूहून पॉलिनेशियापर्यंतची कॉन-टिकी तराफ्याची सफर गाजली आणि १९५९ मध्ये हवाई हे अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले. त्या वेळेपर्यंत मोटेल, बोलिंगचे हॉल, वसाहतींची प्रवेशद्वारे अशा सगळ्या ठिकाणी टिकी उभ्या राहिल्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या व्हिटियर येथील ओशनिक आर्ट्स ही १९५६ मध्ये स्थापन झालेली कार्यशाळा त्या कोरून पुरवत असे.

या काळातला चिनी मातीचा पेला नीट पाहिला तर उसनवारी कशी झाली ते कळते. तोंड हवाईच्या ‘कू’ देवाचे, लांबट नाक रापा नुईच्या (ईस्टर बेटाच्या) मोआई या दगडी पुतळ्यांचे, हात पोटावर मार्केसासच्या धर्तीवर. वर तपकिरी झिलई आणि मागे रेस्टॉरंटचे नाव. तीन दूरदूरच्या समाजांची श्रद्धा एका पेल्यात ओतलेली, आणि त्यांतल्या एकालाही कोणी विचारलेले नाही. तरीही ही वस्तू टाकाऊ ठरत नाही. ती पॉलिनेशियाविषयी फारच थोडे सांगते, पण युद्धोत्तर अमेरिकेच्या मनाविषयी पुष्कळ. अमेरिका आपला पॉलिनेशियन स्वर्ग कसा कल्पिते, असा अर्थ उपशीर्षकातच स्पष्ट केला, हे या प्रदर्शनाचे मोठे श्रेय.

फ्रान्सच्या संग्रहालयात हा विषय येणे साधे नव्हते. मार्केसास बेटे फ्रान्सने १८४२ मध्ये ताब्यात घेतली. बाहेरून आलेल्या रोगांनी तिथली लोकसंख्या १९२०च्या दशकात जेमतेम २,००० वर आली. गोंदण आणि नाच यांवर बंदी आली. के ब्रांलीच्या संग्रहात जुन्या मार्केसन वस्तू आहेत त्या याच इतिहासातून आलेल्या. अमेरिकेत टिकीची हौस फुलत होती तेव्हा बेटांवर मूर्तिकारांची परंपरा तुटल्यात जमा होती, हे ध्यानात ठेवल्याशिवाय हे प्रदर्शन समजत नाही.

याच्या तीस वर्षे आधी, १० सप्टेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ‘ते माओरी’ हे माओरी कलेचे प्रदर्शन सुरू झाले होते. त्याचे उद्घाटन पहाटे माओरी वडीलधाऱ्यांनी आपल्या मंत्रोच्चारांनी केले आणि वस्तू परदेशी नेण्यास त्या त्या जमातीची संमती घेतली गेली. संग्रहालयाने समाजाला विचारून मांडणी करायची, ही रीत त्यानंतर जगभर रुजू लागली. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयानेही २०१० मध्ये कू देवाच्या उरलेल्या तीन मोठ्या मूर्ती एकत्र आणल्या. एक त्यांची स्वतःची, दुसरी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमची, तिसरी अमेरिकेतल्या सेलमच्या पीबडी एसेक्स संग्रहालयाची.

मार्केसासमध्ये कोरीवकाम पुन्हा जोमात आहे. १९८७ पासून तिथे मातावा हा कलामहोत्सव भरतो आणि आजचे मूर्तिकार लाकूड, दगड व हाडात नव्या टिकी घडवतात.