जिप्सम गिलावा

जिप्सम गिलावा : इमारतीच्या आतील भिंतींवर व छतावर द्यायचा, भाजलेल्या जिप्समची तयार पूड पाण्यात कालवून केलेला गिलावा. वीट, हलके ठोकळे किंवा काँक्रीट यांवर तो बहुधा एकाच थरात थेट बसतो. त्यावर पाणी मारावे लागत नाही आणि सुकल्यावर रंगाच्या अस्तराला जवळजवळ तयार असा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. मुंबई-पुण्याकडच्या नव्या इमारतींत खोल्यांच्या आतील भिंतींना वाळू-सिमेंटऐवजी हाच गिलावा देण्याची पद्धत आता रुळली आहे. याच्या जाहिरातींत ‘भिंतीची तयारी कमी’ असे म्हटलेले असते. ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण कोणती तयारी वाचते आणि कोणती वाचत नाही, हे कळल्याशिवाय हे काम चांगले होत नाही.

आधीची रीत लांबलचक होती. काँक्रीटच्या खांब-तुळयांना छिन्नीने टाचे मारून पृष्ठभाग खडबडीत करायचा, भिंत आदल्या दिवसापासून भिजवायची, ओळंबा लावून मालाचे ठोकळे बसवायचे, वाळू चाळायची, मग १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा सिमेंटचा गिलावा चढवायचा. तो ओला असतानाच त्यावर नीरू घोटायचा. नीरू म्हणजे मुरवलेल्या चुन्याचा लोण्यासारखा मऊ थर. घाण्यात दळलेल्या चुन्याच्या कामापासून चालत आलेली ही कला सिमेंटच्या काळातही गवंड्यांनी टिकवली. त्यानंतर किमान सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी, मग पूर्ण सुकण्याची वाट, मग रंगाऱ्याची लांबी (बारीक खड्डे भरायचा लगदा) आणि पॉलिश पेपर. यातला एखादा दिवस चुकवला, विशेषतः पाणी मारण्याचा, तर त्याची शिक्षा भिंतीवर बारीक भेगांच्या जाळ्याच्या रूपाने दिसे.

जिप्सम यातले बरेच टप्पे गाळते, याचे कारण त्याच्या रसायनात आहे. खनिज जिप्सम म्हणजे पाण्याचे दोन रेणू सामावलेले कॅल्शियम सल्फेट. त्याच्या वजनाचा सुमारे २१ टक्के भाग पाणीच असते. ते साधारण १५० अंश सेल्सिअसला भाजले की दोनपैकी दीड रेणू पाणी निघून जाते आणि उरते ती प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पूड. पॅरिसमधल्या माँमार्त्र टेकडीच्या परिसरातील जिप्समच्या खाणींवरून हे नाव पडले. या पुडीत पाणी घातले की ती गमावलेले पाणी परत घेते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि माल घट्ट होतो. ही क्रिया तासाभराच्या आत उरकते. सिमेंटला पुढचे कित्येक दिवस पाणी लागते, जिप्समला लागत नाही. शिवाय घट्ट होताना सिमेंटचा माल आकसतो, तर जिप्सम किंचित फुगते, म्हणून आकसण्याच्या भेगा पडत नाहीत.

निव्वळ प्लॅस्टर ऑफ पॅरिस मात्र भिंतीच्या कामाला फार घाईचे. काही मिनिटांतच ते घमेल्यात दगड होते. आजच्या तयार पोत्यात म्हणून घट्ट होण्याचा वेग कमी करणारी द्रव्ये असतात आणि गवंड्याला साधारण अर्धा तास हाताशी मिळतो. वजन कमी करण्यासाठी परलाइट किंवा व्हर्मिक्युलाइट ही उष्णतेने फुगवलेली हलकी खनिजे घालतात. माझ्या मते यातला सर्वांत महत्त्वाचा घटक सेल्युलोजपासून बनवलेली पाणी धरून ठेवणारी पूड हा आहे. कोरडी वीट मालातले पाणी शोषते आणि माल अर्धवट राहतो, म्हणून पूर्वी भिंत भिजवावी लागे. ही पूड पाणी मालातच अडवून ठेवते. कमी तयारीचे मुख्य इंगित हेच.

भारतात खनिज जिप्सम मुख्यतः राजस्थानात मिळते. बिकानेर, नागौर, जैसलमेर, बाडमेर हे त्याचे जिल्हे. आखाती देशांतूनही ते आयात होते. भारतीय मानक आय. एस. २५४७ (१९७६) हे बांधकामाच्या जिप्सम प्लॅस्टरसाठी असून त्याच्या दुसऱ्या भागात हलक्या तयार मिश्रणांचा विचार केला आहे. या गिलाव्याच्या प्रसाराला नदीच्या वाळूच्या टंचाईनेही हातभार लावला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाळूसारख्या गौण खनिजांच्या लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली. वाळूची आणि पाण्याची बचत हा या पद्धतीचा खरा मोठेपणा आहे. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या बांधकामावर तो लगेच जाणवतो.

काम करताना आधी पाणी घ्यायचे आणि त्यात पूड सोडायची, उलट नव्हे. नाहीतर गुठळ्या होतात. एक चौरस मीटर भिंतीला दर मिलिमीटर जाडीमागे साधारण एक किलो पूड लागते. माल पाट्याने ओढून समतल करतात आणि आवळत आला की थापीने घोटतात. घट्ट होऊ लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा सैल करणे ही सर्रास होणारी चूक आहे. तुटलेले स्फटिक परत तसे जुळत नाहीत आणि भिंत नखाने खरवडली तरी भुगा निघतो. घमेले न धुता पुढचा माल कालवला, तर तळाशी चिकटलेले जुने कण नव्या मालाला वेळेआधीच घट्ट करतात.

न टळणारी तयारी अशी : भिंतीवरची धूळ आणि काँक्रीटवरचे साच्याचे तेल काढणे, वीजनळ्यांच्या खाचा आधी भरून घेणे, काँक्रीट व विटा जिथे भेटतात त्या सांध्यावर जाळी मारणे. सांध्यावरच्या भेगा दोन्ही बाजूंच्या कमी-अधिक हालचालीमुळे पडतात. वरचा माल कोणता, याने त्यात फरक पडत नाही. जाळी जस्त चढवलेली किंवा काचतंतूची हवी, कारण सिमेंट लोखंडाला गंजापासून वाचवते, जिप्सम वाचवत नाही. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या गुळगुळीत काँक्रीट भिंतींना वाळूचे कण असलेले चिकट अस्तर आधी लावावे लागते. टाचे मारण्याचे कष्ट ते वाचवते, पण स्वतः टाळता येत नाही.

पुष्कळांच्या मनात जिप्सम गिलावा आणि वॉल पुट्टी यांची गल्लत असते. पुट्टी बहुधा पांढऱ्या सिमेंटची असते, दोन हातांत मिळून जेमतेम दीड-दोन मिलिमीटर चढते आणि बारीक खड्डे भरते. ओळंब्याबाहेर गेलेली भिंत तिने सरळ होत नाही. तयार वाळू-सिमेंट मिश्रणाची पोतीही मिळतात. त्यांत चाळण्याचा आणि प्रमाणाचा त्रास वाचतो, पण सिमेंट म्हटले की पाणी मारणे आलेच.

पाणी हा जिप्समचा शत्रू आहे. ते पाण्यात थोडे विरघळते, लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास. म्हणून बाहेरची भिंत, न्हाणीघर, मोरी यांना ते वर्ज्य, तिथे सिमेंटच. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात बाहेरून ओल झिरपणाऱ्या भिंतीला आतून जिप्सम मारले, तर एक-दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात आणि दोष मालाला दिला जातो. गळती आधी बाहेरून बंद झाली पाहिजे.

जुन्या रंगवलेल्या भिंतीवर पातळ थर चढवून ती नवी करणे हा याचाच पुढचा प्रकार. ब्रिटनमध्ये सुमारे दोन मिलिमीटरचा असा थर देण्याची परंपरा आहे. त्याआधी भिंतीवर पातळ केलेल्या पीव्हीए गोंदाचा (पांढऱ्या कृत्रिम गोंदाचा) हात देत. आता बहुतेक भिंतींवर गोंदाशिवाय चालणारी मिश्रणे तिथे विकली जातात. आपल्याकडच्या घरांत अडचण वेगळी असते : डिस्टेंपरचे अनेक थर. ओल्या फडक्याने पुसल्यावर रंग हाताला लागला, तर तो खरवडून काढावाच लागतो, कारण नवा थर भिंतीला न धरता त्या भुकटीला धरतो. थापीच्या मुठीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर तेवढा जुना गिलावा विटेपर्यंत फोडून भरून घ्यावा लागतो. तेलरंगाच्या भिंतीची चकाकी पॉलिश पेपरने घालवून तिला चिकट अस्तराचा हात द्यावा लागतो.