पार्श्वभूमी : पेनसिल्व्हेनियातले सतरा हजार

२७ एप्रिल २००४ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, दहा लाखांवर मतं पडली. सिनेट या वरच्या सभागृहावर चार वेळा निवडून आलेले आर्लेन स्पेक्टर त्यात जेमतेम सतरा हजार मतांनी वाचले. समोर होते अ‍ॅलनटाउनकडचे तरुण खासदार पॅट टूमी. भावांबरोबर हॉटेलं काढलेला, त्याआधी बँकेत चलनव्यवहार केलेला हा माणूस 'तीनच टर्म' हा स्वतःचा शब्द पाळून लोकसभेसारख्या खालच्या सभागृहातून बाहेर पडत होता आणि थेट ज्येष्ठाच्या जागेवर दावा सांगत होता. कर कापावेत म्हणून लढणाऱ्या एका गटाचा पैसा त्याच्यामागे होता, तर स्पेक्टर यांच्यामागे खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश. मध्यममार्गी विद्यमान विरुद्ध कडवा उजवा, अशी लढत पुढे कुठेही लागली की चर्चा फिरून याच निवडणुकीवर का येते, हे त्या पाठिंब्याच्या हिशेबात शिरल्याशिवाय कळत नाही.

मतदारांनी उमेदवार निवडायची ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, विस्कॉन्सिनसारख्या राज्यांतून पसरलेली. तिकीट वाटणं नेत्यांच्या हातातून गेलं, तेव्हापासून त्यांच्याकडे सभा, पैसा आणि शब्द एवढंच उरलं. १९७८ मध्ये न्यू जर्सीत आणि १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये मुरलेले मध्यममार्गी सिनेटर उजव्या आव्हानापुढे घरच्याच मैदानात पडले. न्यू जर्सीची जागा तर नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत विरोधकांकडे गेली. ती भीती नेत्यांच्या मनातून कधी गेली नाही.

अशा माणसाला मराठीत पटकन 'मवाळ' म्हटलं जातं, पण सुरतेच्या अधिवेशनापासून त्या शब्दाला अर्ज-विनंत्यांचा वास चिकटला आहे. स्पेक्टर स्वभावानं मवाळ अजिबात नव्हते. ते फिलाडेल्फियाचे माजी मुख्य सरकारी वकील. सर्वोच्च न्यायालयासाठी नाव पुढे आलेल्या न्यायाधीशावर १९९१ मध्ये एका प्राध्यापिकेनं लैंगिक छळाचा आरोप केला, तेव्हा स्पेक्टर यांनी तिची घेतलेली फिरती उलटतपासणी साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिली. मवाळ काय ती त्यांची गर्भपाताविषयीची भूमिका: तो हक्क त्यांना मान्य होता. पण पक्षातल्या उजव्यांनी त्यांच्या नावे खरी उधारी मांडली होती ती १९८७ची: सर्वोच्च न्यायालयासाठी नाव आलेल्या, उजव्यांच्या लाडक्या न्यायाधीशाविरुद्ध त्यांनी मत दिलं आणि ती नेमणूक फेटाळली गेली. तेव्हापासून 'नावापुरता रिपब्लिकन' हा शिक्का त्यांच्यावर बसला, तो १९९१ नंतरही पुसला गेला नाही.

असं असताना राष्ट्राध्यक्ष मतदानाच्या आठवडाभर आधी पिट्सबर्गला येऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले. हा गडी कधीमधी स्वतःच्या डोक्यानं चालतो, अशी कोपरखळी मारून त्यांनी मतं मागितली. प्रत्येक राज्याचे सिनेटर दोन; इथले दुसरे, रिक सँटोरम, पक्के उजवे, गर्भपाताचे कट्टर विरोधक. तेही प्रचाराला उतरले. कार्यकर्त्यांना खरा धक्का हा दुसरा होता.

हिशेब दोन होते. एक, नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षांना पेनसिल्व्हेनिया जिंकायचं होतं आणि फिलाडेल्फियाच्या उपनगरांत स्पेक्टर यांचं नाव चाले. दोन, सिनेटमध्ये पक्षाकडे ५१च जागा होत्या आणि न्यायविषयक समितीच्या अध्यक्षपदाची पुढची पाळी स्पेक्टर यांची होती. न्यायाधीशांच्या नेमणुका त्याच समितीतून जातात. पहिला हिशेब साफ चुकला: स्पेक्टर आरामात निवडून आले, राष्ट्राध्यक्ष मात्र ते राज्य हरले. दुसरा वठला, तोही ताणाताणीनंतर. गर्भपाताचा हक्क काढू पाहणाऱ्या न्यायाधीशांना मंजुरी मिळणं कठीण, असं स्पेक्टर निकालाच्या दुसऱ्याच दिवशी बोलून बसले आणि अध्यक्षपद हातचं जाता जाता राहिलं. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखाली २००५ आणि २००६ मध्ये दोन उजवे न्यायमूर्ती सर्वोच्च न्यायालयात पोचले. हे दोघं डोळ्यांसमोर ठेवले तर नेत्यांनी सौदा वाईट केला असं म्हणवत नाही.

पण वाद तिथे मिटला नाही. राष्ट्राध्यक्ष देतील त्या नावांना पाठिंबा देईन, असा शब्द स्पेक्टर यांनी दिला होता, असं दुसऱ्या सिनेटरनी नंतर सांगितलं. असा शब्द दिलाच नव्हता, असं स्पेक्टर म्हणाले. बंद दारामागचं बोलणं, साक्षीदार कोण? २००६ मध्ये हे दुसरे सिनेटर सुमारे सतरा टक्क्यांनी आपटले. त्यामागे कारणं बरीच होती, दुखावलेले कार्यकर्ते हे त्यातलं एक. २०१२ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागायला उभे राहिले, तर अ‍ॅरिझोनातल्या वादसभेत प्रतिस्पर्ध्यानं तेच जुनं प्रकरण पुढ्यात टाकलं.

कारण मधल्या काळात स्पेक्टर पक्ष सोडून गेले होते. फेब्रुवारी २००९ मध्ये अर्थव्यवस्थेला टेकू देणाऱ्या विधेयकाला मत देणाऱ्या तीन रिपब्लिकन सिनेटरांपैकी ते एक. टूमी पुन्हा दंड थोपटून उभे, आणि पेनसिल्व्हेनियातली प्रायमरी बंद पद्धतीची, म्हणजे पक्षात नाव नोंदवलेल्यांनाच मत. ओबामांच्या लाटेत दोन लाखांहून जास्त मध्यममार्गी नोंदणी बदलून गेले, असं स्पेक्टर यांचंच म्हणणं. ज्यांच्या जोरावर ते सतरा हजारांनी वाचले होते, तेच मतदार यादीत उरले नव्हते. एप्रिलमध्ये ते डेमोक्रॅट झाले. २४ डिसेंबरला आरोग्यविम्याचा कायदा सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३९ मतांनी निघाला, त्या साठांत एक मत त्यांचं. विरोधकांची अडवणूक मोडायला सिनेटमध्ये साठच मतं लागतात. उजव्यांचं गणित इथून सरळ मागे जातं: २००४चा पाठिंबा नसता तर हे साठावं मत नसतं.

नव्या पक्षातही तोच खेळ झाला, फक्त दिशा उलटी. आता राष्ट्राध्यक्ष झालेले ओबामा आणि पक्षाचे वरिष्ठ स्पेक्टर यांच्या बाजूनं, तर आव्हान एका माजी नौदल अधिकाऱ्याचं. पक्ष बदलल्यामुळे मी पुन्हा निवडून येईन, असं स्पेक्टर कॅमेऱ्यासमोर म्हणाले होते. प्रतिस्पर्ध्यानं तेवढाच तुकडा उचलून जाहिरात केली. मे २०१० मध्ये स्पेक्टर हरले आणि नोव्हेंबरात जागा टूमींनी घेतली.

टूमी दोन टर्म राहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाभियोगात माजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना दोषी ठरवण्याच्या बाजूनं मत देणाऱ्या सात रिपब्लिकन सिनेटरांत ते होते. राज्यातल्या काही जिल्हा समित्यांनी त्यांच्या निषेधाचे ठराव केले. पुन्हा उभं राहणार नाही, हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. २०२२ मध्ये ती जागा डेमोक्रॅटांकडे गेली.