ठिणगीच्या आधीचा उजेड

सोलापुरात थंडीत हवा इतकी कोरडी होते की लाईट गेल्यावर अंधारात पॉलिस्टरचं ब्लँकेट झटकलं की चटचट निळसर ठिणग्या दिसतात (आपली सोलापुरी चादर सुती, ती बिचारी असलं काही करत नाही). पण ती चमक प्लास्टिकची नाही, मधल्या हवेची. प्लास्टिक स्वतःसुद्धा चमकतं, ठिणगी न पडता, नुसतं जबरदस्त व्होल्टेज लावलं की, फक्त ते डोळ्याला दिसत नाही एवढं मंद असतं.

या भानगडीची सुरुवात प्लास्टिकपासून झालीच नाही. 1936 साली पॅरिसमध्ये जॉर्ज देस्त्रियो यांनी झिंक सल्फाईडची पूड एरंडेल तेलात मिसळून तिला एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारं, व्होल्टेज दिलं आणि पूड उजळली. मग 1950 च्या दशकात फ्रान्समधल्याच नान्सीत बर्नानोज आणि सहकाऱ्यांनी सेंद्रिय रंगांवर तोच प्रयोग केला. या लोकांना उजेडच हवा होता.

केबलवाल्यांची गोष्ट उलटी, त्यांना उजेड नको होता, टिकाऊ इन्सुलेशन हवं होतं. पॉलिथिन सापडलं 1933 साली इंग्लंडात आयसीआय कंपनीत, तेही चुकून, दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या केबलींना लागलं, पुढे 1960 च्या दशकात क्रॉसलिंक केलेलं, म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडलेलं पॉलिथिन, एक्सएलपीई आलं आणि सगळ्यांना वाटलं की आता तीस-चाळीस वर्षं बघायला नको. कसलं काय, 1970 च्या दशकात अमेरिकेत जमिनीखालच्या केबली वेळेआधीच उडायला लागल्या. कापून बघितलं तर इन्सुलेशनमध्ये झाडाच्या फांद्यांसारख्या भेगा आणि खुणा. त्याला नावच पडलं ट्री.

मग प्रश्न असा की झाड उगवायच्या आधी आत काय होतं? कॅनडात ओटावाला बामजी आणि बुलिन्स्की यांनी 1980 च्या दशकात पॉलिथिनमध्ये सुई रुतवून व्होल्टेज चढवलं, सगळं काळ्याकुट्ट डब्यात, समोर फोटोमल्टिप्लायर, म्हणजे अगदी मंद उजेडही मोजणारं उपकरण. आणि डिस्चार्ज, म्हणजे आतल्या आत ठिणग्या, सुरू व्हायच्या आधीच उजेड मोजता आला! मला तर या सगळ्यात हाच भाग भारी वाटतो. एसीच्या एका अर्ध्या फेरीत सुईतून इलेक्ट्रॉन आत घुसून अडकतात, पुढच्या अर्ध्यात होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, धन भारासारखी वागणारी) येतात, दोघं भेटले की ऊर्जा सुटते आणि तिचा थोडा भाग प्रकाश होऊन बाहेर पडतो. त्यात अल्ट्राव्हायोलेटही असतो, आणि त्यांचं म्हणणं असं की तोच पॉलिमरचे, म्हणजे प्लास्टिकच्या लांब साखळ्यांचे, बंध तोडत बसतो, म्हणजे उन्हात टाकलेली प्लास्टिकची बादली कशी तडकते तसंच, पण आतून. पुढे फ्रान्समध्ये तुलूझला लॉराँ, तेसेद्र यांच्या गटाने पातळ फिल्मवर हेच काम नेटाने चालवलं, त्या उजेडाचे रंगसुद्धा वेगळे काढून बघितले.

1990 साली केंब्रिजमध्ये पॉलिमरचा एलईडी झाला, त्यातही इलेक्ट्रॉन आणि होलच भेटतात, पण ते पॉलिमर सेमीकंडक्टर, म्हणजे बेताची वीज वाहू देणारं, आपलं केबलचं वीज अडवणारं नव्हे.

आता कुणी म्हणेल रायचूर-सोलापूर 765 केव्ही लाईनीत हे होत असेल ना, तर नाही, तिथे तारा उघड्या, इन्सुलेशन हवेचं. शहरातल्या जमिनीखालच्या केबलीतही हे बघता येत नाही, कारण इन्सुलेशनच्या दोन्ही अंगांना काळा सेमीकंडक्टिंग थर असतो, उजेड असला तरी बाहेर येणार कुठून. जॉइंटर, म्हणजे केबल जोडणारा कारागीर, खड्डा खणून तुकडा कापतो तेव्हा हातात येतं ते जळकं भोक.