विवाल्दी, बीबर, बाख: बरोक व्हायोलिन हरवलं कसं आणि सापडलं कसं

हल्ली रील्स बघताना कुठल्या ना कुठल्या व्हिडिओखाली विवाल्दीचा 'समर' वाजत असतोच, तोच तो शेवटचा वादळाचा भाग, आणि ज्याने आयुष्यात व्हायोलिन हातात धरलेलं नाही त्यालाही तो लगेच ओळखू येतो. त्यामुळे आपल्याला वाटतं की हे संगीत तीनशे वर्षं सलग वाजत आलंय. नाही हो. हा 'समर' ज्यातला, ते 'फोर सीझन्स' १७२५ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापून आले, पॅरिसमध्ये गाजले, १७३० मध्ये फ्रान्सच्या पंधराव्या लुईने 'स्प्रिंग' ऐनवेळी वाजवायला लावला तेव्हा दरबारी सरदारांनीसुद्धा वाद्यं हातात घेतली, आणि मग हळूहळू सगळं थंडावलं. विवाल्दी १७४१ मध्ये व्हिएन्नात गरिबीत वारला. पुढे दीडशेहून जास्त वर्षं त्याचं नाव निघायचं ते बहुतेक बाखच्या संदर्भात, कारण बाखने त्याचे काही कंचेर्तो (सोलो वाद्य आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्डसाठी उतरवून घेतले होते, बास.

पण संगीताचे कागद हरवले आणि सापडले ही अर्धीच गोष्ट आहे. ते वाजवायचं कसं हेही हरवलं होतं, आणि माझ्या मते ते जास्त मोठं नुकसान होतं.

बरोक म्हणजे साधारण १६०० ते १७५० चा काळ. संगीत हे ऐकणाऱ्याच्या मनात ठरावीक भाव जागवायचं साधन आहे हे तेव्हा सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. देकार्तने १६४९ मध्ये मनाच्या विकारांवर अख्खं पुस्तक लिहिलं, हॅम्बर्गच्या माथेसॉनने १७३९ मध्ये कुठला भाव कशा चालीने उभा राहतो याची मांडणी केली. वाचताना हे सगळं फॉर्म्युला वाटतं, पण प्रत्यक्ष समोर बसलेल्या लोकांनी जे लिहून ठेवलंय ते अजिबात कोरडं नाही. इटलीचा व्हायोलिनवादक कोरेल्ली, ज्याची संगीतरचना आज इतकी शांत आणि सभ्य वाटते, तो वाजवताना इतका वाहवत जायचा की डोळे लालबुंद व्हायचे, चेहरा पिळवटायचा, असं १७०९ मध्ये इंग्लंडमध्ये छापलेल्या एका टिपेत आहे. १७१५ मध्ये उफेनबाख नावाचा जर्मन प्रवासी व्हेनिसला विवाल्दीला ऐकून आला आणि डायरीत लिहितो की मी अक्षरशः घाबरलो, बोटं घोडीच्या इतकी जवळ गेली की गज फिरवायला जागा उरली नाही. म्हणजे 'मन शांत करणारं बॅकग्राउंड म्युझिक' वगैरे जे आज प्लेलिस्टवर लिहिलेलं असतं त्याच्याशी याचा काही संबंध नव्हता.

भाव उभा करायच्या त्यांच्या ठरलेल्या युक्त्या होत्या. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात हमखास म्हणजे खाली उतरत जाणारे चार सूर, आपल्या भाषेत सा, कोमल नी, कोमल ध, प. हे चार सूर खाली खर्जात परत परत येत राहतात, आणि वर गाणारा काय वाटेल ते दुःख मांडतो. मोंतेवेर्दीने १६३८ मध्ये छापलेल्या एका विलापात हे इतकं बेमालूम वापरलंय की नंतर शंभर वर्षं कुणाला रडवायचं असलं की लोक हेच चार सूर घ्यायचे. तबल्याच्या सोलोला हार्मोनियमवर लेहरा धरतात ना, तसाच प्रकार, फक्त इथे लेहराच दुःखी आहे.

आणि आता बीबर, कारण या सगळ्यात माझा सगळ्यात लाडका तोच. हाइनरिश बीबर १६४४ चा, बोहेमियातला. मोराव्हियात क्रोमेर्झीझच्या बिशपकडे नोकरीला होता, १६७० मध्ये त्याला श्टाइनर नावाच्या प्रसिद्ध कारागिराकडून वाद्यं आणायला पाठवलं आणि हा गडी न सांगता साल्झबर्गच्या आर्चबिशपकडे जाऊन नोकरीला लागला! तिथे १६७६ च्या आसपास त्याने पंधरा सोनाटा आणि शेवटी एकट्या व्हायोलिनसाठी एक पासाकाल्या (परत परत येणाऱ्या त्याच त्या सुरांवर उभी केलेली रचना) असं हस्तलिखित बनवलं. पंधरा कारण रोझरीची, म्हणजे कॅथलिकांच्या जपमाळेची, रहस्यं पंधरा. वसईतल्या किंवा गोव्यातल्या कॅथलिक घरात हे गणित सांगायला लागणार नाही, पाच आनंदाची, पाच दुःखाची, पाच गौरवाची (प्रकाशाची पाच २००२ मध्ये वाढली, ती बीबरच्या वेळी नव्हती). प्रत्येक सोनाटाच्या डोक्यावर त्या त्या प्रसंगाचं छोटं चित्र चिकटवलेलं आहे.

खरी गंमत तारांमध्ये आहे. पहिला सोनाटा आणि शेवटचा पासाकाल्या सोडला तर बाकी चौदाच्या चौदा सोनाटांसाठी व्हायोलिन वेगवेगळं लावायचं, म्हणजे खुंट्या पिळून तारांचे सूरच बदलून टाकायचे. वाजवणारा कागदावर एक वाचतो, बोटं त्याप्रमाणे ठेवतो, आणि कानावर येतं भलतंच. हा नुसता चमत्कार दाखवायचा म्हणून केलेला प्रकार नाहीये, काही तारा जास्त ताणल्या की आवाज कर्कश, आक्रसलेला होतो, सैल सोडल्या की घोगरा होतो, आणि दुःखाच्या रहस्यांमध्ये ते ऐकून खरंच अस्वस्थ व्हायला होतं. अकराव्या, पुनरुत्थानाच्या सोनाटात तर मधल्या दोन तारा घोडीच्या मागे आणि खुंट्यांपाशी एकमेकींवरून ओलांडून लावायच्या, म्हणजे वाद्यावर अक्षरशः क्रूस तयार होतो. प्रेक्षकाला तो दिसतही नाही, वाजवणाऱ्याला मात्र पूर्ण वेळ हाताखाली जाणवत राहतो. शेवटच्या पासाकाल्यात तेच, आधी सांगितलेले चार उतरते सूर साठाहून जास्त वेळा येतात, एकच व्हायोलिन, साथीला कुणी नाही, आणि लेहरा धरणारा आणि सोलो करणारा दोन्ही तोच. हे हस्तलिखित आज म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट लायब्ररीत आहे आणि ते पहिल्यांदा छापलं गेलं १९०५ मध्ये. तब्बल सव्वादोनशे वर्षांनी!

बाखचा शाकोन याच्याच जातीतला. एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहा रचनांच्या हस्तलिखितावर त्याने १७२० साल घातलंय, त्याच वर्षी तो आपल्या मालकाबरोबर, प्रिन्स लेओपोल्डबरोबर, कार्ल्सबादला गेला होता, जुलैमध्ये परत आला तर बायको मारिया बार्बारा वारलेली, पुरलेलीसुद्धा. त्यामुळे शाकोन तिच्या आठवणीत लिहिला असं हल्ली सगळीकडे वाचायला मिळतं. याला पुरावा नाही हे सरळ सांगायला हवं. आणि खरं तर त्या कहाणीची गरजही नाही, पाव तासाच्या आसपासच्या त्या रचनेत मधेच मायनरचा मेजर होतो, म्हणजे उदास स्वरांचे उजळ स्वर होतात, तिथे काय होतं ते ऐकणाऱ्याला कुणी चरित्र सांगावं लागत नाही.

मग हे सगळं विसरलं का गेलं? एक तर तेव्हा जुनं संगीत वाजवायची पद्धतच नव्हती, लोकांना दर सीझनला नवीन हवं असायचं, आपल्याकडे गेल्या वर्षीच्या सिनेमाचं होतं तसं. दुसरं, बरंच काही छापलंच गेलं नव्हतं. आणि तिसरं, ज्याकडे कमी लक्ष जातं, वाद्यच बदललं. हॉल मोठे झाले, आवाज मोठा हवा झाला, म्हणून जुन्या स्ट्रॅडिव्हेरियसच्यासुद्धा माना काढून लांब आणि तिरप्या बसवल्या, आतली लाकडी पट्टी जाड केली, अठराव्या शतकाच्या अखेरीला पॅरिसच्या तूर्त या गज बनवणाऱ्या कारागिराने आजच्यासारखा आत वाकलेला गज पक्का केला. जुना गज बाहेरच्या बाजूला किंचित फुगलेला, टोकाकडे हलका, त्यामुळे प्रत्येक सूर आपोआप फुगून विरतो, बोलल्यासारखा. नवा गज सूर सरळ ताणून धरतो. विसाव्या शतकात आतड्याची तार जाऊन स्टील आलं, आणि सतत हात हलवून कंप देणं ही फॅशन झाली. मोझार्टच्या वडिलांनी, लेओपोल्डने, १७५६ च्या पुस्तकात अशा सतत थरथरणाऱ्यांची टिंगल केलीय (पण १७५१ मध्ये जेमिनियानी हा व्हायोलिनवादक म्हणतो की कंप जितका जास्त तितका चांगला, म्हणजे भांडण तेव्हाही होतंच).

बाख पूर्ण कधी हरवला नाही, पण त्याच्या या रचना रियाजाच्या वहीसारख्या वापरल्या गेल्या. त्यांची एक जुनी प्रत १८१४ मध्ये सेंट पीटर्सबर्गला रद्दीत सापडली, ती लोणीवाल्याकडे पुड्या बांधायला जाणार होती. १८४० मध्ये लाइपझिगला फर्डिनांड डेव्हिडने शाकोन वाजवला तर मेंडेलसोनने पियानोवर साथ केली, कारण एकटं व्हायोलिन लोकांना अर्धवट वाटेल अशी भीती. शूमाननेही सगळ्या सहा रचनांना पियानो जोडला. ब्राम्सने १८७७ मध्ये उलटं केलं, पियानोवर फक्त डाव्या हाताने वाजेल असा शाकोन लिहून क्लारा शूमानला पाठवला, आणि योगायोग असा की तेव्हा तिचा उजवा हात दुखावलेला होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बरोकची भूक तर होती पण माल नव्हता, मग लोकांनी डुप्लिकेट काढला. व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्राइसलर पुन्यानी, कुपरां अशा जुन्या संगीतकारांची नावं लावून स्वतःच्याच रचना वर्षानुवर्षं वाजवत होता, विवाल्दीच्या नावावर तर अख्खा कंचेर्तो, १९३५ मध्ये त्याने कबूल केलं तेव्हा टीकाकार जाम भडकले. प्रसिद्ध 'अल्बिनोनीचा अदाजो' हासुद्धा १९५८ मध्ये जात्सोत्तो या संगीत अभ्यासकाने छापलेला आहे, अल्बिनोनीचा त्यात हात असल्याचा ठोस पुरावा पुढे आलेला नाही. लोकांना बरोककडून काय हवं होतं ते या नकली मालावरून नेमकं कळतं: संथ, भरगच्च, ओलं दुःख.

आणि खरा माल याच काळात सापडत होता. १९२६ मध्ये इटलीत बोर्गो सान मार्तिनो इथल्या सालेशियन पाद्र्यांच्या शाळेला दुरुस्तीसाठी पैसे हवे होते, त्यांच्याकडे देणगीत आलेली जुनी संगीताची बाडं होती. किंमत काय येईल म्हणून त्यांनी तुरिनच्या नॅशनल लायब्ररीला विचारलं, तिथले संचालक तोर्री यांनी ती आल्बेर्तो जेंतिली या अभ्यासकाला दाखवली. ९७ खंड, त्यातले चौदा विवाल्दीचे, बहुतेक त्याच्याच अक्षरात! लायब्ररीकडे पैसे नव्हते, बोभाटा झाला तर दलाल तुटून पडतील, म्हणून जेंतिलीने गुपचूप देणगीदार शोधला. रोबेर्तो फोआ या शेअर दलालाने १९२७ मध्ये पूर्ण संग्रह विकत घेऊन आपल्या वारलेल्या तान्ह्या मुलाच्या, माउरोच्या, नावाने लायब्ररीला दिला. मग लक्षात आलं की खंडांचे नंबर सलग लागत नाहीत, म्हणजे हा अर्धाच संग्रह आहे. वंशावळ शोधत शोधत गाडी जेनोव्हाच्या दुरात्सो घराण्यातल्या एका म्हाताऱ्या सरदारापर्यंत आली, त्याची मनधरणी करण्यात बराच काळ गेला, आणि १९३० मध्ये फिलिप्पो जोर्दानो या कापड कारखानदाराने उरलेला भाग घेतला, तोही आपल्या वारलेल्या मुलाच्या, रेंझोच्या, नावाने. दोन्ही मिळून साडेचारशेच्या आसपास रचना, आजही फोआ आणि जोर्दानो याच नावांनी तिथे आहेत.

सप्टेंबर १९३९ मध्ये सिएनाला 'विवाल्दी सप्ताह' झाला, संगीतकार कासेल्लाने संगीत सांभाळलं, व्हायोलिनिस्ट ओल्गा रज आणि कवी एझ्रा पाउंड यात बरीच वर्षं खपत होते. पण ज्या जेंतिलीमुळे हे घडलं तो ज्यू होता, १९३८ च्या वंशवादी कायद्यांनी त्याची विद्यापीठातली नोकरी गेलेली. आणि सप्ताहाच्या त्याच महिन्यात युद्ध पेटलं. म्हणून खरी लाट युद्धानंतरची: १९४७ अखेर लुई कौफमनने कार्नेगी हॉलमध्ये 'फोर सीझन्स' रेकॉर्ड केलं, १९५५ मध्ये 'ई मुझिची' या इटालियन वाद्यवृंदाचं आलं, एलपीमुळे ते घराघरात गेलं.

तरीही मला ती जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकताना सारखं वाटतं की सूर सगळे आहेत, धग नाही. ती आली पुढच्या पिढीकडून. व्हिएन्नात निकोलाउस आणि आलिस हार्नोनकूर यांनी १९५३ मध्ये जुन्या वाद्यांचा ग्रुप काढला आणि चार वर्षं नुसता सराव करून १९५७ मध्ये लोकांसमोर आले. बेल्जियमच्या सिगिसवाल्ड कौकेनने १९६९ च्या सुमारास हनुवटी न टेकवता व्हायोलिन धरायला सुरुवात केली, तेव्हा पाश्चात्त्य लोकांना ते वेडेपणाचं वाटलं (आपल्याकडे मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायाशी टेकवून वाजवणाऱ्यांना यात काय नवल). आधी हे प्रकरण कोरडं, म्युझियमछाप म्हणून हिणवलं गेलं, आणि काही रेकॉर्डिंग्ज होतीही तशी. पण आतड्याची तार, जुना गज, कंप फक्त हवा तिथे, एवढं झालं की त्या रचना परत बोलायला लागल्या, आणि १९९० च्या सुमारास फाबियो बियोंदी आणि मिलानच्या 'इल जार्दिनो आर्मोनिको'ने विवाल्दी असा काही वाजवला की उफेनबाख का घाबरला असेल ते पटलं.

काम अजून संपलेलं नाही, १९७३ मध्ये मँचेस्टरच्या लायब्ररीत विवाल्दीच्या बारा व्हायोलिन सोनाटांचा संच सापडला, तुरिनचा सगळा साठा रेकॉर्ड करायचा प्रकल्प २००० पासून चालू आहे. ऐकायला सुरुवात करायची असेल तर 'फोर सीझन्स' सध्या बाजूला ठेवा आणि बीबरचा पासाकाल्या घ्या, आधी एदुआर्द मेल्कुसचं १९६७ चं रेकॉर्डिंग, मग राइनहार्ड गोबेलचं नव्वदच्या सुमाराचं, मग रेचल पॉजरचं २०१५ चं, आणि हेडफोन लावूनच ऐका.