फ्लूची लस आणि १:४० चा आकडा

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली, तोंडाला रुमाल बांधून माणसे तपासणीच्या रांगेत उभी राहिली. लस तेव्हा नव्हतीच. देशात बनलेल्या लशी आल्या त्या २०१० च्या पावसाळ्यात. एक दंडात टोचायची, दुसरी पुण्यातच तयार झालेली, नाकात फवारायची. ऑगस्टमध्ये तर महासाथ संपल्याची घोषणाही झाली.

नाकातल्या लशीत विषाणू जिवंत, पण दुबळा केलेला असतो. नाकाच्या थंडाव्यात तो वाढतो, फुप्फुसांच्या उष्णतेत वाढू शकत नाही. संरक्षणाचा बराचसा भाग नाकाच्या अस्तरातच तयार होतो. त्यामुळे लस घेतलेल्या अनेकांच्या रक्तात प्रतिपिंडे (विषाणूला अडवणारी अँटिबॉडीज) फारशी वाढलेली दिसत नाहीत. मग ही लस ‘लागू पडली’ हे ठरवायचे कशावरून? इथे रक्तातल्या प्रतिपिंडांच्या मोजणीतला १:४० हा आकडा आडवा येतो.

ही मोजणी १९४१ मधल्या एका शोधावर उभी आहे. फ्लूचा विषाणू तांबड्या पेशींना एकमेकींशी जखडतो. रक्तद्रवात प्रतिपिंडे असली तर ते जखडणे थांबते. रक्तद्रव दर वेळी दुप्पट पातळ करत जायचे. १:४० इतका पातळ करूनही पेशी मोकळ्या राहिल्या, तर तो माणूस ‘सीरोप्रोटेक्टेड’, म्हणजे संरक्षित. हा शब्दच घोटाळ्याचे मूळ आहे. आकड्याचा मुख्य आधार १९७२ साली प्रसिद्ध झालेला इंग्लंडमधला प्रयोग. त्यात प्रौढ स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम विषाणू सोडले होते. साधारण एवढी प्रतिपिंडे असणाऱ्यांमध्ये संसर्गाचा धोका निम्म्यावर आला. निम्म्यावर, शून्यावर नव्हे! तरीही निम्म्या शक्यतेची ती खूण पुढे पूर्ण संरक्षणाची रेघ म्हणून वाचली गेली, आणि ती चूक लहान नाही.

१९९० च्या दशकात युरोपच्या नियामकांनी तिला नियमातच बसवले: १८ ते ६० वयाच्या ७० टक्क्यांहून अधिक जणांनी १:४० गाठावे, साठीपुढे ६० टक्क्यांहून अधिक. प्रौढांवरचा आकडा वृद्धांना लावला, मुलांनाही लावला. २०११ मध्ये लहान मुलांवरच्या अभ्यासात तेवढ्याच, म्हणजे ५० टक्के, संरक्षणासाठी सुमारे १:११०, म्हणजे बरीच जास्त प्रतिपिंडे, लागतात असे दिसले. युरोपातले ते निकष पुढे मागे घेण्यात आले.

दरम्यान खुद्द चाचणीच अडखळू लागली. २०१४ नंतरचे एच३एन२ गटाचे अनेक विषाणू तांबड्या पेशींना नीट जखडेनात. त्यांच्यासाठी प्रतिपिंडांमुळे विषाणू निष्प्रभ होतो का हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर पाहणारी वेगळी चाचणी वापरावी लागली. अमेरिकेत २०१६ पासून सलग दोन हंगाम नाकातली लस घेऊ नका असे सांगितले गेले. पण तो निर्णय रक्तातल्या प्रतिपिंडांवरून नव्हे, तर लस घेतलेल्या मुलांना प्रत्यक्षात फ्लू किती झाला यावरून घेतला होता. मला तोच मार्ग योग्य वाटतो. २०१८-१९ च्या हंगामात ती लस तिथे परतली.

इंजेक्शनच्या लशींच्या अहवालांत मात्र १:४० गाठणाऱ्यांची टक्केवारी आजही ‘सीरोप्रोटेक्शन’ याच नावाने छापली जाते.