तो मुद्दाम करत नाही

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. पंचविशीतला मुलगा. दोन वर्षांपूर्वी त्याला वाटायला लागलं की गावातली माणसं आपल्यावर पाळत ठेवतात, मग कानात बोलणं ऐकू यायला लागलं. बाहेरचं झालंय म्हणून आधी गंडेदोरे झाले, देवऋषी झाले. शेवटी कुणीतरी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, असं निदान झालं. गोळ्या सुरू झाल्या आणि आवाज विरत गेले.

घरातली खरी कुरबुर त्यानंतर सुरू होते. मुलगा उठत नाही, अंघोळीला चार वेळा सांगावं लागतं, दिवसभर बाजेवर पडून असतो. "नुसतं लोळायलाय. आवाज गेले की आता, मग काय धाड भरली याला?" हे बापाचं. आई मात्र ताट बाजेपाशी नेते, रात्री तीनदा उठून त्याच्या अंगावरचं पांघरूण बघते आणि त्याला एकटं शेतातल्या आखाड्यावरसुद्धा जाऊ देत नाही.

त्याचं हे पडून राहणं आजारातच येतं. भास आणि संशय ही लक्षणं चटकन डोळ्यांत भरतात. उत्साह आटणं, बोलणं कमी होणं, चेहरा कोरा पडणं ही लक्षणं आळसासारखी दिसतात, आणि गोळ्यांचा त्यांच्यावर फारसा जोर चालत नाही. म्हणूनच घरातले टोमणे सगळ्यात जास्त याच लक्षणांच्या वाट्याला येतात. कानात आवाज येणाऱ्याला कुणी "कामचोर" म्हणत नाही.

असल्या बोलण्याचा आजारावर काय परिणाम होतो, हे मोजलं गेलंय. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन हे समाजशास्त्रज्ञ रुग्णालयातून घरी सोडलेल्या रुग्णांचा मागोवा घेत होते. आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेले रुग्ण भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा आजारी पडत होते. मायेच्या घरात असं का व्हावं? पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नातेवाइकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि शब्दांबरोबर आवाजाचा सूरही मोजला. सतत टीका, उघड राग आणि जीव गुदमरेल इतकी काळजी या तीन गोष्टी जिथे जास्त, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. याला 'व्यक्त भावना' असं नाव पडलं. १९७६ च्या एका अभ्यासात तर आठवड्याचे ३५ तास ही रेघ आखली गेली. अशा घरात त्याहून जास्त वेळ समोरासमोर जात असेल, तर धोका आणखी वाढत होता.

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. घरच्यांच्या बोलण्याने स्किझोफ्रेनिया होत नाही. एके काळी आयांना त्यासाठी दोषी धरलं गेलं, तो फार मोठा अन्याय होता. बाप चिडतो तो दमलेला असतो म्हणून, आणि आई जपते कारण ती घाबरलेली असते. मूळ आजार मेंदूचा. त्या मेंदूला ताण कमी पेलतो, एवढंच. भारताबद्दलची नोंद तर दिलासा देणारी आहे. १९८० च्या दशकात चंदीगडच्या कुटुंबांचा असाच अभ्यास झाला, तेव्हा तिथे टीकेचा सूर लंडनपेक्षा बराच कमी आढळला.

कुटुंबाच्या उपचारात मग करतात काय? दहाएक बैठका, काही महिन्यांत पसरलेल्या. आधी आजार समजावून सांगायचा, बापाच्या सगळ्या प्रश्नांसकट. मग बोलण्याचा सराव, आणि तो अगदी बारीक असतो. "ऊठ रे आळशा" याऐवजी "चहा झाला की शेळ्या सोडायला माझ्यासंगं चल." एका वेळी एकच काम आणि तेही सोबतीने. झालं की "बरं झालं आलास" हे तोंडाने म्हणायचं. आपल्याकडे हे म्हणायची सवय नसते, म्हणून त्याचाही सराव. आईला सांगतात, ताट चुलीपाशीच वाढा, तो येईल. तिने तासभर शेजारणीकडे जाऊन बसणं हासुद्धा उपचाराचाच भाग आहे. अशा बैठकांनी आजार उलटण्याचं प्रमाण घटतं, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

रुग्णाशीही वेगळं काम होतं. आरोन बेक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९५२ मध्येच एका रुग्णाच्या भ्रमावर नुसत्या संवादातून उपचार केल्याचं नोंदवलं होतं. त्यातून वाढलेल्या पद्धतीत उपचारक वाद घालत नाही आणि होला होही म्हणत नाही. आवाज केव्हा वाढतो, त्या वेळी तू काय करत असतोस, त्याचं ऐकलं नाहीस तर काय होतं, असं दोघं मिळून तपासतात. गुणगुणल्यावर किंवा मोठ्याने वाचल्यावर काहींच्या कानातला आवाज क्षीण होतो. घरच्यांनाही हाच धडा उपयोगी पडतो: "तुला ऐकू येतंय हे खरं, मला मात्र येत नाही." या पद्धतीचा गुण माफक आहे, चमत्काराची आशा धरू नये. गोळ्यांना तर पर्यायच नाही. औषधांच्या ६५ चाचण्या एकत्र करून २०१२ मध्ये काढलेल्या निष्कर्षात, औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात २७ टक्के पुन्हा आजारी पडले, आणि औषध थांबवून नुसती साखरेची गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्के.

हे सगळं करणार कोण? राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. पण गोवा, तमिळनाडू आणि आपल्या साताऱ्यात २८२ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं होतं. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारापेक्षा लक्षणं आणि परावलंबन थोडं अधिक कमी झालं. थोडं का होईना, ते तज्ज्ञ दारात नसताना झालं, म्हणून मला मोलाचं वाटतं.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे ऊसतोड. दिवाळीनंतर नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, मजुरांच्या टोळीबरोबर निघतो तो उन्हाळ्याच्या तोंडावरच परततो. आजारी लेकरू एक तर म्हाताऱ्या आजीजवळ राहतं, नाही तर कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जातं, आणि गोळ्या तुटतात. म्हणून अशा घरातल्या बैठका दसऱ्याआधी उरकायला हव्यात. शेवटच्या बैठकीत एक कागद करायचा: या मुलाचा आजार उलटू लागला की आधी काय होतं? झोप मोडते, जेवण सुटतं, दार लावून बसतो, मोबाईल बंद करून ठेवतो. जे त्याच्या बाबतीत खरं असेल तेवढंच, त्याला विचारून, त्याच्याच शब्दांत. खाली दवाखान्याचा नंबर आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, जिथे मराठीत बोलता येतं. आजीला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीकडून तो कागद दोनदा वाचून घ्यायचा. मुलगा टोळीबरोबर जाणार असेल, तर कागद आणि हंगामभर पुरतील एवढ्या गोळ्या, दोन्ही पेटीत एकाच पिशवीत.