वैमानिकांच्या हातमोज्यांसाठी ज्वालारोधक निटेड कापड

विमानात आग भडकल्यास वैमानिकाचे हात भाजू नयेत, आणि तरीही त्याला बटणे व खटके बोटांनी चाचपता यावेत, यासाठी न वितळणाऱ्या धाग्यांपासून बनवलेले होजिअरीच्या विणीचे कापड. या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. कापड जाड केले की उष्णता अडते, पण बोटांची जाण जाते. ताणले जाणारे निटेड कापड बोटांना चपखल बसत असल्याने ताणाबाण्याच्या कापडापेक्षा इथे सरस ठरते.

धाग्याची निवड त्या मानाने सोपी. नायलॉन वितळून कातडीला चिकटतो, म्हणून तो बाद. ड्यूपाँ कंपनीने १९६७ मध्ये बाजारात आणलेला नोमेक्स हा मेटा-अरामिड (उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम तंतूंचा एक प्रकार) धागा वितळत नाही; ज्वाला लागताच त्याचा कोळसा होतो आणि ज्वाला दूर होताच तो विझतो. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. सुती कापडाला जळत राहायला १८ टक्के पुरतो, नोमेक्सला २८ टक्क्यांच्या आसपास लागतो. मात्र निव्वळ नोमेक्स आगीत आकसून फाटू शकतो. म्हणून ‘नोमेक्स ३ ए’ या मिश्रणात ५ टक्के केवलार (अधिक मजबूत अरामिड धागा) व २ टक्के स्थिरविद्युत-रोधक धागा घालतात.

खरी कसोटी विणीची. एकेरी जर्सी या साध्या एकपदरी विणीच्या कडा गुंडाळल्या जातात, त्यामुळे बोटांचे अरुंद तुकडे शिवताना त्रास होतो. इंटरलॉक हे दुहेरी विणीचे कापड सपाट राहते आणि दोन थरांमध्ये हवा धरून ठेवते. पण ते जाड व जड असते. मूठ वळली की बोटांच्या पेरांवर कापड ताणले जाते, विणीतली छिद्रे रुंदावतात, मधली हवा निघून जाते आणि चटका नेमका तिथेच बसतो. प्रचलित उभ्या ज्वालेच्या चाचणीत चौकटीतल्या सपाट पट्टीला १२ सेकंद ज्वाला लावतात; त्यात हा दोष दिसत नाही. ताणलेल्या अवस्थेतही कापड तपासल्याशिवाय ते पसंत करू नये.

अमेरिकी सैन्याच्या परिचित हातमोज्यात पाठीकडे नोमेक्सचे निटेड कापड आणि तळव्याला मऊ चामडे असते. शिवणीचा दोराही अरामिडचाच हवा, नाहीतर कापड टिकते पण शिवण उसवते. इंधनाचे किंवा तेलाचे डाग पडलेला हातमोजा धुतल्याशिवाय वापरू नये. त्याला स्टार्च तर मुळीच करू नये, कारण स्टार्च स्वतःच पेट घेतो.